मद्रासच्या भट्टीतला कमळदिवा

मद्रासहून परतल्यावर कोल्हापुरात मला जो तो दोनच गोष्टी विचारायचा. समुद्र पाहिलास का, आणि जाता-येता तिरुपती केलंस का. समुद्र एका संध्याकाळी पाहिला, तोही घाईघाईत. तिरुपती राहिलंच. बाकी सगळा मुक्काम मी एका काचभट्टीपुढे काढला, आणि तिथे आम्ही तिघांनी मिळून जे केलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी कोल्हापूरजवळच्या एका लहान काचकारखान्यात नमुने तयार करते. माझं काम ओतकामाचं. भट्टीतला काचेचा पातळ रस लोखंडी साच्यात ओतायचा, वरून ठसा दाबायचा आणि वाट्या, पेपरवेट, फुलांच्या तबकड्या काढायच्या. मुंबईच्या एका प्रदर्शनात माझी काही कमळं एका मद्रासी वास्तुकारांनी पाहिली. मद्रासमध्ये ते एका नृत्यसंस्थेसाठी नवं सभागृह बांधत होते. मंचासमोर टांगायला त्यांना एक मोठा काचेचा दिवा हवा होता. तळाशी माझं ओतीव कमळ, त्यावर फुंकून केलेलं घागरीएवढं भांडं आणि भांड्याच्या अंगावर चढत गेलेली काचेची नाजूक वेल, अशी त्यांची कल्पना होती. संस्थेच्या विश्वस्तांना मात्र परदेशातून झुंबर मागवायचं होतं. शेवटी पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, मुदत मिळाली. तेवढ्यात दिवा झाला तर ठीक, नाहीतर झुंबर. हे ऐंशीच्या दशकातलं सांगते आहे. तेव्हा एखाद्या वस्तूला ‘फॉरिन’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

अण्णा नगर

उतरायची सोय अण्णा नगरमध्ये वेंकोब रावांकडे होती. तेच वेल करणार होते. राव तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज तंजावरला कधी आले ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर काचेच्या नळ्या, चंचुपात्रं, वाफ निववणारी वळणदार शीतकं केली होती. निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये गॅसची ज्योत लावून तेच काम चालू ठेवलं होतं. उंच, किडकिडीत माणूस. कपाळावर बारीक गंध, आणि बोलताना मान किंचित एका बाजूला.

दारात मी पाय ठेवला आणि त्यांच्या पत्नी गोदाक्का म्हणाल्या, “ये मा, ये. वाटेत काय खाल्लीस की नाही? मुख सुकून गेल बघ.”

मला क्षणभर वाटलं, आपल्या पणजीच्या माहेरचं कुणीतरी बोलतंय. शब्द सगळे ओळखीचे, पण चाल तमिळ. वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा. त्यात मधेच ‘सरि सरि’ यायचं, म्हणजे बरं बरं. त्यांना माझी मराठी फार भरभर वाटायची. “हळू बोल मा,” त्या म्हणायच्या, “तुझी मराठी आगगाडीवाणी पळते.”

जेवायला भात, सार आणि डांगर पच्चडी होती. आमच्याकडचं डांगर म्हणजे उडदाचं पीठ ताकात कालवून वर कांदा. यांच्याकडे तेच पीठ दह्यात, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, आणि नावात अर्धं मराठी, अर्धं तमिळ. मी दोनदा मागून घेतलं. पाण्याचं मात्र जपून होतं. लॉरी आली की गल्लीतल्या सगळ्या बायका रंगीत प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावायच्या, आणि माझ्या वाट्याला आंघोळीला एकच बादली यायची. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे शिकायला वेळ लागतो.

तमिळ मार्गळी महिना होता, आपल्या मार्गशीर्ष-पौषातला. पहाटे दारोदार कोलम घातलेले असत. आपण रांगोळीत ठिपके जोडतो, इथे रेषा ठिपक्यांना वळसे घालत जाते आणि जिथून निघाली तिथे परत येते. गोदाक्कांनी एकदा मला पीठ देऊन बसवलं. माझी रेष मधेच अडकली. त्या हसल्या आणि पुसून पुन्हा घालायला लावलं.

अंबत्तूर

भट्टी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत होती. दिव्यांच्या हंड्या आणि बरण्या करणारा जुना कारखाना. तिथले मुख्य फुंकणारे दुरैस्वामी, सगळे त्यांना दुरै अण्णा म्हणत. गळ्याभोवती ओला टॉवेल, छाती पेटाऱ्यासारखी. त्यांनी फुंकणीच्या टोकावर रस घेतला, फिरवत फिरवत एक फुंकर घातली आणि माझ्या डोळ्यांदेखत नारिंगी लिंबाचा भोपळा झाला. मी कोल्हापुरात फुंकणारे रोज पाहते, पण एवढं मोठं भांडं एवढ्या शांतपणे वाढवणारा माणूस पाहिला नव्हता.

ही भट्टी पोंगलनंतर विझवणार होते. आतल्या विटा झिजल्या होत्या, त्या बदलायला बरेच महिने लागणार होते. म्हणजे आमची मुदत विश्वस्तांनी दिलेली तर होतीच, भट्टीनेही दिलेली होती.

खरी अडचण वेगळी होती. ओतणं, फुंकणं आणि ज्योतीवरचं काम या तीन वेगळ्या विद्या आहेत, आणि तिन्हींना एकच काच चालत नाही. माझी आणि दुरै अण्णांची काच साधी, लवकर मऊ होणारी. रावांची प्रयोगशाळेतली काच कठीण, तापमान सोसणारी. गरम असताना या दोन्ही काचा एकमेकींना छान चिकटतात. निवताना मात्र एक जास्त आक्रसते, दुसरी कमी, आणि जोडावर तडा जातो. हे रावांना अर्थातच माहीत होतं. प्रयोगशाळेत दोन जातींच्या नळ्या जोडायच्या असल्या की ते मधे क्रमाक्रमाने बदलत जाणाऱ्या काचांचे लहान तुकडे घालायचे. तसंच वेलीच्या प्रत्येक देठाला करायचं ठरवलं. शेडमध्ये करून पाहिलेला एक जोड टिकला, तेव्हा आम्ही खुशीत होतो.

मग भट्टीवर एक लहान भांडं फुंकून त्यावर पाच-सहा पानं लावली आणि निववायच्या भट्टीत ठेवलं. या भट्टीत काच सावकाश थंड होऊ देतात. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर भांडं अखंड दिसलं. रावांनी ते खिडकीपाशी उजेडात धरलं. प्रत्येक देठाभोवती केसासारखी बारीक चकाकती रेघ होती. आम्ही बघत असतानाच एक पान सुटलं आणि फरशीवर पडून फुटलं. मग दुसरं.

दुरै अण्णा तमिळमध्ये काहीतरी हळूच म्हणाले. रावांनी ते मला सांगितलं नाही. भांडं खाली ठेवून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

नेमके त्याच दिवशी विश्वस्तांपैकी एक गृहस्थ काम बघायला आले. नेसायला पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, आणि हातात झुंबराचं चकचकीत रंगीत माहितीपत्रक. फुटलेल्या पानांकडे बघून ते माझ्याशी इंग्रजीत अगदी नम्रपणे बोलले. प्रयत्न चांगला आहे, पण असली कामं परदेशात शतकानुशतकं होत आली आहेत, आपण कशाला कष्ट घ्यायचे, असा एकूण सूर होता. रावांनी ते ऐकलं. ते खाली बसून फरशीवरचे तुकडे वेचू लागले.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी म्हणाले, “राव, वेल तुमच्या काचेची न करता दुरै अण्णांच्याच काचेची केली तर? त्यांच्या भट्टीतून कांड्या ओढून घेऊ. तिन्ही कामांना एकच काच.”

रावांनी भात कालवला. मग म्हणाले, “ते काच माझ्या ज्योतीत उभ राहत नाही मा. टच केल की चटकते. लहानपणी माझे गुरु तसल काचेत शिकवत होते. आता चाळीस वरस झाल.”

“हात विसरलेत का?”

“हात नाही विसरल. ज्योत विसरली.”

गोदाक्का वाढता वाढता म्हणाल्या, “मग ज्योतीस आठवण करून द्या. मी काय पोंगलपर्यंत तुमच मुख असच बघू की?”

दुसऱ्या दिवशी दुरै अण्णांनी भट्टीतून रसाचा गोळा घेतला, एक टोक मी चिमट्यात धरलं आणि आम्ही दोघं एकमेकांपासून उलटं चालत गेलो. आमच्यामधे काचेचा धागा लांबत गेला, बोटाएवढा जाड होता तो पेन्सिलीएवढा झाला आणि निवून कडक झाला. त्याच्या हातभर कांड्या तोडल्या. रावांनी ऑक्सिजन बंद करून पायाच्या भात्याची जुनी बत्ती माळ्यावरून काढली. तिची ज्योत मोठी, मऊ, पिवळसर. पहिल्या दिवशीच्या जवळपास सगळ्या कांड्या तोंडाशीच फुटल्या. त्यांच्या मनगटावर एक चटका बसला. त्यावर गोदाक्कांनी कोरफड लावली.

रावांनी मग कांडीला ज्योतीच्या लांबच्या टोकापाशी धरून आधी फक्त ऊब द्यायला सुरुवात केली. घाई नाही. हळूहळू आत. तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये चहा नव्हे, कापी घेऊन गेले तेव्हा राखेच्या उबदार ताटलीत एक अख्खं पान पडलं होतं. चिमट्याने दाबलेली मधली शीर, कडेला किंचित मुरड. राव पुढच्या पानात गुंतले होते, पण मला दिसावं म्हणून त्यांनी ताटली कोपराने माझ्याकडे सरकवली.

टी. नगर आणि जॉर्ज टाउन

वेलीचा रंग ठरत नव्हता. गोदाक्का म्हणाल्या, रंग पुस्तकात कशाला शोधता, साडीच्या दुकानात चला. टी. नगरला बसमधून उतरताना माझी चप्पल आतच राहिली, बस निघून गेली, आणि मी एका पायाने साड्यांच्या दुकानात शिरले. दुकानदाराने गादीवर साड्यांचा ढीग उलगडला. गोदाक्कांनी एक काढून उजेडात हलवली. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा.

“मयिल कळुत्तु,” त्या म्हणाल्या. “मोराची मान. आमच्यात लग्नात हेच घेतात.”

आपल्याकडे याला मोरपंखी म्हणतात, पण ‘मोराची मान’ जास्त बरोबर वाटलं. साडी आम्ही घेतली नाही. दुकानदाराने मात्र मला वापरायला स्वतःच्या रबरी चपला दिल्या, त्या दुसऱ्या दिवशी नेऊन पोचवल्या.

हा रंग काचेत उतरवायला तांब्याची भुकटी लागते आणि चिमूटभर कोबाल्ट. ती जॉर्ज टाउनमध्ये मिळाली, एका अंधाऱ्या दुकानात. बाहेर गाडीवाले ओरडत होते, मिरच्यांच्या पोत्यांनी सगळी गल्ली खोकत होती. रावांनी तिथूनच दिव्यासाठी पितळी साखळीही घेतली. साखळी हातात तोलत ते म्हणाले, “हे टिकेल. आता दिवा टिकला पायजे.”

दुरै अण्णांनी भट्टीच्या कोपऱ्यात एका लहान मुशीत तीच काच रंग घालून वितळवली. पहिली रंगीत कांडी ओढली तेव्हा गरम असताना ती नुसती लाल दिसत होती. निवताना टोकाकडून रंग सरकत आला. गोदाक्कांना दाखवायला मी तिचा तुकडा घरी नेला. त्यांनी तो आपल्या निळ्या-हिरव्या पदरावर ठेवून पाहिला आणि मान हलवली.

पुन्हा अंबत्तूर

आता तिन्ही कामं एकाच वेळी जुळवायची होती. मी कमळ ओतणार. ते भरीव राहिलं तर पातळ भांड्याच्या मानाने फार सावकाश निवेल आणि ताण येईल, म्हणून मी ठशाचा आतला भाग बदलून कमळ आतून पोकळ केलं होतं. दुरै अण्णा भांडं फुंकणार आणि ते गरम असतानाच कमळावर बसवणार. मग राव हातातल्या लहान बत्तीने एकेक जागा तापवत पानं लावत जाणार. मधे मधे भांडं भट्टीच्या तोंडाशी नेऊन ऊब टिकवायची. एकाने उशीर केला तर तिघांचं काम जातं.

दुरै अण्णांना मराठी येत नव्हती, मला तमिळ. पहिल्या खऱ्या प्रयत्नात भांडं उत्तम फुगलं. कमळाशी जोडायला मी कडछीतून थोडा रस घालत होते. दुरै अण्णा म्हणाले, “पोदुम.” मी ऐकलं ‘पोडु’. पोडु म्हणजे घाल, हे मी स्वयंपाकघरात शिकले होते. मी आणखी घातला. ते जरा जोरात म्हणाले, “पोदुम, पोदुम.” मी उरलेला सगळा ओतला. पोदुम म्हणजे पुरे. भांड्याचा तळ त्या वजनाने ओघळला आणि सगळं एका बाजूला लवंडलं.

दुरै अण्णा टॉवेलने तोंड झाकून हसायला लागले. त्यांचे खांदे हलताना पाहून रावही हसले, आणि रडायच्या बेतात असलेली मीसुद्धा. रावांनी तिथेच ठरवलं की पुरे झालं की दुरै अण्णांनी माझ्याकडे बघून ‘बस’ म्हणायचं. दुरै अण्णांनी तो शब्द दोन-चारदा म्हणून पाहिला.

भोगीच्या आदल्या दिवशी शेवटची संधी होती. सकाळी राव आंघोळ करून, गंध लावून आले. गोदाक्काही आल्या होत्या. भिंतीपाशी स्टुलावर बसून त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले होते.

मी रस ओतला, ठसा दाबला, उचलला. पाकळ्या स्वच्छ उठल्या. कमळ विस्तवावरच्या तव्यावर ठेवलं. दुरै अण्णांनी फुंकणी फिरवायला घेतली. गोळा वाढला, पुन्हा रसात बुडवला, पुन्हा वाढला. त्यांचे गाल फुगलेले मला दिसलेच नाहीत, श्वास जणू पोटातून येत होता. भांडं घागरीएवढं झालं तेव्हा त्यांनी ते सरळ कमळावर आणून टेकवलं. मी कडछी वाकडी केली.

“बस,” ते म्हणाले. मी थांबले. जोड बसला.

मग राव पुढे झाले. एका हातात बत्ती, एका हातात चिमटा. मी गरम ताटलीतून क्रमाने पानं देत होते. भांड्यावरचा एक ठिपका लाल होई, देठाचं टोक लाल होई, दोन्ही टेकत, आणि राव क्षणभर तसंच धरून सोडत. दुरै अण्णा त्यांच्या चालीने फुंकणी इतकी हळू फिरवत होते की दोघांमधे काही बोलावंच लागलं नाही. वेल तळापासून वळसा घेत वर चढली. शेवटचं पान लावताना रावांच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. गोदाक्का उठल्या, पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि परत जागेवर जाऊन बसल्या. रावांनी बत्ती हलू दिली नाही.

दिवा निववायच्या भट्टीत गेला. दार बंद झालं. आम्ही तिघं तिथल्या बाकावर टेकलो आणि कितीतरी वेळ कुणालाच उठावंसं वाटलं नाही.

पोंगल

भोगीला इथे जुन्या वस्तू जाळतात, त्या धुराने सगळं शहर खोकत होतं. पोंगलच्या दिवशी अंगणात मातीच्या भांड्यात दूध-तांदूळ उतू गेले, उसाच्या कांड्या दाराला बांधल्या गेल्या. मी घरून आणलेला तिळगूळ सगळ्यांना दिला. दुरै अण्णा सहकुटुंब आले होते. तिळगूळ घेऊन गोड बोला, असं मी म्हणाले आणि रावांनी ते तमिळमध्ये सांगितलं. दुरै अण्णांनी लाडू तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून गंभीरपणे “बस” म्हणाले. हसून हसून गोदाक्कांना ठसका लागला. पण त्या दिवसांत आमच्यापैकी कुणाचंही लक्ष खऱ्या अर्थाने सणात नव्हतं. राव मधेच उठून अंगणात फेऱ्या मारायचे.

भट्टी पूर्ण निवल्यावर दार उघडलं. दिवा बाहेर आला. राव खिडकीपाशी गेले, तो उजेडात धरला, एकेक देठ पाहिला. मग फिरवून पुन्हा पाहिला. रेघ कुठेही नव्हती. त्यांनी नखाने एका पानावर हलकेच टिचकी मारली. आवाज सगळ्या भांड्यातून आला, वरपासून कमळापर्यंत, एकाच काचेचा.

सभागृह

दिवा टांगला त्या संध्याकाळी नृत्याचा पहिलाच कार्यक्रम होता. आत विजेचा बल्ब लागला आणि मोराच्या मानेचा रंग भिंतीवर पसरला. पानांच्या सावल्या पार मंचाच्या पडद्यापर्यंत गेल्या. कमळाच्या पाकळ्यांतून खाली पांढरा उजेड सांडत होता. लोक खुर्च्यांवर बसायचे सोडून वर बघत उभे होते. दुरै अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि बायकोला बोटाने भांड्याचा जोड दाखवत होते.

आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून रावांना तमिळमध्ये विचारलं, हा दिवा फॉरिनचा आहे का. ते माहितीपत्रकवाले गृहस्थ शेजारीच उभे होते. ते काही बोलणार, तोच रावांनी त्या बाईंना तमिळमध्ये उत्तर दिलं. मला त्यातलं दुरै अण्णांचं आणि माझं नाव कळलं. गृहस्थांनी माझ्याकडे पाहून हात जोडले, मग वळून दुरै अण्णांकडे गेले आणि त्यांचा हात हातात घेतला.

गोदाक्कांना एका कानाने कमी ऐकू यायचं. त्यांनी विचारलं, “काय म्हणाली ते बाई?”

“हे कोण केले म्हणून विचारली,” राव म्हणाले.

“तुमी काय सांगितले?”

राव ताठ बसले होते. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं आणि आपल्या मराठीत म्हणाले, “आमी केलो.”

आमच्या मराठीत ‘आम्ही दिवा केला’ म्हणतात. क्रियापद दिव्यामागे जातं, करणारा बाजूला राहतो. तंजावरच्या मराठीत ते करणाऱ्यामागे जातं. जन्मभर ज्यांच्या नळ्यांवर कधी त्यांचं नाव नव्हतं, त्या माणसाच्या तोंडून मी ते ऐकलं आणि मला आमच्या मराठीतलं व्याकरण त्या क्षणापुरतं कमी पडलं. गोदाक्कांनी पुन्हा विचारलं, त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. तेव्हा रावांच्या आधी मीच त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, “अक्का, आमी केलो.”